रस्त्याखालची माती

(सेवाकार्याच्या साहाय्यक मंडळींच्या त्र्यंबकेश्वर येथील जानेवारीच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



सकाळपासून आपण वसतिगृहाबद्दल ऐकले, दवाखान्याच्या फेऱ्यांबद्दल ऐकले, नागली आणि वरईच्या बियाण्याबद्दल ऐकले. आता जेवणापूर्वीचा शेवटचा विषय माझ्याकडे आला आहे, आणि तो आहे चिखल. माझी नोकरीची बहुतेक वर्षे रस्त्यांखालची माती तपासण्यात गेली, म्हणून समितीने मला उभे केले आहे. विषय रुक्ष वाटेल, पण थोडा धीर धरा. तुम्ही दर महिन्याला पाकिटात घालता ती रक्कम औषध होते, पुस्तक होते, बियाणे होते. पण पाड्यापर्यंत ती जाते रस्त्यानेच. आणि जूनच्या मध्यापासून पुढे तीन-चार महिने आपल्या काही पाड्यांवर रस्ता म्हणून काही उरतच नाही.

त्र्यंबकेश्वर नाशिकपासून २८ किलोमीटरवर आहे, पण पावसाच्या हिशेबाने ते वेगळेच मुलूख आहे. इथे वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे नाशिक शहराच्या जवळजवळ तिप्पट. ब्रह्मगिरीच्या एका अंगाचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे जाते, आणि याच डोंगररांगेतून निघणारी वैतरणा अरबी समुद्राकडे जाते. दोन्हीकडचे पाणी आधी आपल्या पाड्यांच्या वाटांवरून जाते. मग गरोदर बाईला झोळीत घालून चिखलातून आणावे लागते. १०८ची गाडी डांबरी रस्त्याच्या टोकाला उभी असते आणि बाई दोन किलोमीटर पलीकडे असते. या बातम्या तुम्ही दर पावसाळ्यात वाचता. त्या दोन किलोमीटरखाली काय असते, ते मला आज सांगायचे आहे.

वजन कोण उचलते?

रस्ता म्हटला की आपल्याला डांबर दिसते. पण डांबर म्हणजे घराचे छप्पर. ते पाणी अडवते, चाकाची झीज सोसते. चाकाचे वजन खडीतून खाली उतरते, पसरते आणि शेवटी जमिनीच्या मातीवर येऊन टेकते. माती टिकली तर रस्ता टिकतो. माती मऊ पडली तर वर कितीही चकचकीत डांबर असो, ते पापडासारखे मोडते.

आपल्या भागात डोंगरउतारावर तांबूस, मुरमाड माती आहे. तिच्यातून पाणी निघून जाते, रोलर फिरला की ती घट्ट बसते. खाली, भाताच्या खाचरांच्या बाजूने, काळपट चिकण माती आहे. भाताला ती फार चांगली, कारण पाणी धरून ठेवते. रस्त्याला ती वाईट, आणि कारण तेच. आता पाड्याची वाट बहुधा डोंगर उतरते, खाचरांच्या कडेने जाते, ओहोळ ओलांडते आणि पुन्हा चढते. म्हणजे दोन किलोमीटरच्या वाटेत सगळाच रस्ता वाईट नसतो. तीन-चार जागा वाईट असतात. गाडी मात्र तेवढ्यावरच अडते.

या टेबलावर मी काचेच्या दोन नळ्या ठेवल्या आहेत. दोन्हींत एकाच खाचरातली, वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती आहे. एकीत रॉकेल आहे, दुसरीत पाणी. काल दुपारी त्या भरल्या. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. म्हणून दोन्हींतला फरक म्हणजे मातीची फुगण्याची ओढ. समजा रॉकेलमधली माती १० च्या खुणेवर बसली आणि पाण्यातली १६ वर, तर ती ६० टक्के फुगली. भारतीय मानकांत या चाचणीची पद्धत दिलेली आहे, आणि ५० टक्क्यांहून जास्त फुगणारी माती महामार्गाच्या भरावात वापरू नये असा नियम आहे. जेवायला जाताना सर्वांनी या नळ्या जवळून बघा. मुलांनाही दाखवा, फक्त हात लावू देऊ नका.

ही माती फुगते कशी? चिकण मातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षा लहान असतो, आणि तो पापडासारखा चपटा असतो. असे पापड एकावर एक रचलेले असतात. काळ्या मातीत या पापडांच्या मध्ये पाणी शिरते आणि त्यांना दूर ढकलते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून जाते आणि जमीन भेगाळते. फुगणे आणि आकसणे हा खेळ दरवर्षी चालतो. त्यावर ठेवलेला रस्ता दरवर्षी वर उचलला जातो आणि खाली बसतो.

मे महिन्यातली माती आणि जुलैमधली माती

मातीची ताकद मोजायची एक सोपी रीत अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याने साधारण १९२९ च्या सुमारास बसवली. तिला सीबीआर म्हणतात. साच्यात माती ठोकून बसवायची, ५० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी दट्ट्या तिच्यात सावकाश अडीच मिलिमीटर दाबायचा आणि किती जोर लागला ते पाहायचे. उत्तम फोडलेल्या खडीला १३७० किलो जोर लागतो, त्याला शंभर म्हणायचे. आपल्या मातीला २७ किलोच लागला, तर तिचा सीबीआर झाला दोन.

यातला महत्त्वाचा भाग असा की दाबण्याआधी माती चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. का? कारण मे महिन्यात हीच काळी माती दगडासारखी असते. कोणी साहेब मे महिन्यात पाहणीला आला, तर त्याची जीप पाड्यापर्यंत सरळ जाते आणि तो म्हणतो, रस्ता तर बरा आहे. चार दिवस भिजल्यावर अशी माती दोनाच्या आसपास येऊ शकते. ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात दोन म्हणजे अतिशय कमकुवत माती. पाच-सहा झाली तर ती मध्यम, सात ते नऊ असेल तर चांगली.

नोकरीत असताना मी एक रस्ता पाहिला. कोणत्या खात्याचा, कोणत्या गावचा, ते सांगत नाही. मार्चमध्ये त्यावर डांबर पडले, हार-तुरे झाले, आणि ऑगस्टमध्ये त्याच डांबराचे तुकडे खाचरात सापडत होते. डांबर खरोखर चांगले होते. खालची माती भिजवून तपासलेली नव्हती आणि कडेला गटार नव्हते, एवढेच.

चुना काय करतो

अशा मातीला तीन उपाय. पहिला, ती खणून टाकायची आणि मुरूम आणून भरायचा. मुरूम जवळ असेल तर हाच उपाय उत्तम, आणि मी तोच करायला सांगेन. पण मुरूम म्हणजे डोंगर. तो कुठून तरी कापावा लागतो. आपल्या भागातले डोंगर आधीच पुष्कळ कापले गेले आहेत, आणि सिंहस्थाची कामे सुरू झाल्यामुळे मुरूम, खडी आणि टिपर यांची मागणी वाढली आहे. दुसरा उपाय, मातीवर खडीचा जाड थर द्यायचा. तो महाग पडतो, आणि मधे गाळणीसारखा थर नसेल तर चिकण माती खालून खडीत शिरते. तिसरा उपाय, जी माती आहे तिलाच सुधारायचे.

सुधारण्याचा सर्वांत जुना आणि भरवशाचा पदार्थ म्हणजे चुना. काळ्या मातीत तीन ते सहा टक्के चुना मिसळला की दोन गोष्टी घडतात. पहिली काही तासांत घडते. चुन्यातले कॅल्शियम त्या पापडांना चिकटते, पापड एकमेकांजवळ ओढले जातात आणि त्यांचे गोळे होतात. हाताला चिकटणारी माती रव्यासारखी मोकळी होते आणि तिची पाणी धरण्याची हाव कमी होते. दुसरी गोष्ट सावकाश घडते. चुन्याच्या तीव्र अल्कलीत मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना विरघळू लागते आणि त्यातून सिमेंटसारखा पदार्थ तयार होतो. तो कणांना कणांशी बांधतो. याला आठवडे, महिने लागतात. ओलावा लागतो, ऊबही लागते. म्हणून हे काम पावसाच्या तोंडावर करून उपयोग नाही. मार्च-एप्रिल ही त्याची योग्य वेळ.

मुरमाड किंवा वाळूमिश्रित मातीत चुन्याला पकडायला चिकण कण पुरेसे नसतात. तिथे थोडे सिमेंट चालते. आणि आपल्याला आणखी एक वस्तू जवळ आहे: एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची राख. या दगडी कोळशाच्या राखेत स्वतःचा चुना थोडा असतो, म्हणून एकट्या राखेने फार काही होत नाही. पण चुन्याबरोबर ती दिली तर हाच सावकाश बांधणारा पदार्थ जास्त तयार होतो.

एक सावधगिरी. दुकानात पांढरी पूड मिळते ती सगळी चुना नसते. मैदानावर रेषा मारायची फक्की बहुधा खडूची पूड असते. तिने मातीवर काही परिणाम होत नाही. चांगला चुनाही उघड्या गोणीत महिनोन्महिने पडला तर हवा खाऊन तसाच निकामी होतो. थोड्या पुडीवर व्हिनेगर टाका. खूप फसफसली तर ती गोणी परत करा. आणि मातीत सल्फेटचे क्षार जास्त असतील तर चुन्याने माती उलट जास्त फुगू शकते. म्हणून तपासणी आधी, चुना नंतर.

धागे काय करतात

आता धाग्यांकडे येऊ. ही कल्पना आपल्या पाड्यांना नवीन नाही. कुडाची भिंत आठवा. कारवीच्या काठ्या उभ्या करतात आणि त्यावर माती लिंपतात. त्या मातीत भाताचा तूस, गवत, शेण घालतात. का? नुसती माती वाळली की तडकते. तूस आणि गवत त्या तडेला धरून ठेवतात. निर्गमच्या पाचव्या अध्यायात फारोने इस्राएल लोकांना विटांसाठी पेंढा देणे बंद केले आणि विटांची संख्या मात्र तेवढीच मागितली, हे आपण सर्वांनी वाचले आहे. ती जाचाची गोष्ट म्हणून आपल्या लक्षात आहे. मातीकाम करणाऱ्याला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते: मातीला पेंढा लागतो, हे त्या काळच्या मजुराला ठाऊक होते. बगदादजवळ अकर कूफ इथे एक प्राचीन मनोरा आहे. त्याच्या कच्च्या विटांच्या थरांमध्ये बोरूच्या चटया घातलेल्या आजही दिसतात.

मातीला दाबले तर ती बऱ्यापैकी सोसते, ताणले तर लगेच तुटते. चाक जाते तेव्हा थर वरून दाबला जातो आणि खालून ताणला जातो. धागा हा ताण घेतो. तो कणांत घर्षणाने अडकलेला असतो, आणि तडा जाऊ लागला की दोन्ही बाजू धरून ठेवतो. इथेच चुना आणि धागा यांची जोडी जमते. चुन्याने माती बळकट होते, पण थोडी ठिसूळही होते. जास्त वजन आले की ती एकदम फुटते. धागा असेल तर ती एकदम फुटत नाही; वाकते, सोसते आणि दुरुस्तीला वेळ देते.

धागे किती घालायचे? वजनाच्या पाव ते एक टक्का, साधारण एक-दोन सेंटीमीटर लांबीचे. जास्त घातले तर फायदा वाढत नाही, त्यांचा गुंतवळ होतो आणि गुंतवळाच्या जागी पोकळी राहते. मिसळणे हेच सगळ्यात कठीण काम आहे. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर इथे कामी येतो. आधी माती मोकळी करायची, मग धागे हाताने सोडवून थोडे थोडे पसरायचे.

कोणता धागा? बाजारात पॉलिप्रॉपिलीनचे धागे मिळतात. ते कुजत नाहीत. पण रस्ता झिजला की ते सुटून ओहोळात जातात, आणि आपला ओहोळ म्हणजे गोदावरीची किंवा वैतरणेची सुरुवात. मला स्वतःला हे पटत नाही. पद्मश्री मिळालेले मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक डांबरात वापरायची पद्धत काढली. ते वेगळे काम आहे. तिथे प्लास्टिक वितळून खडीला चिकटते. दोन्हींची गल्लत करू नये.

नैसर्गिक धाग्यांत ताग ओल्या मातीत लवकर कुजतो. अंबाडीचे दोर आणि घायपाताचा वाख आपल्या लोकांच्या ओळखीचे आहेत, मजबूतही आहेत, पण तेही कायमचे नाहीत. काथ्या, म्हणजे नारळाच्या सोडणाचा धागा, त्यातल्या त्यात जास्त टिकतो, कारण त्यात लिग्निन पुष्कळ असते. तरीही तोही काही वर्षांत जाणारच. मग उपयोग काय? पहिले दोन-तीन पावसाळे सर्वांत धोक्याचे असतात. तेवढ्या काळात माती दबून बसते, चुना आपले काम करतो, कडेला गवत धरते. काथ्या तेवढा वेळ सांभाळून नेतो.

धागे मिसळण्याऐवजी काथ्याची विणलेली जाळीही मातीवर अंथरतात आणि वर खडी टाकतात. जाळी खडीला मातीत बुडू देत नाही आणि पाण्याला वाट देते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात २०२० साली देशात १,६७४ किलोमीटर रस्ते काथ्याच्या जाळीने करायचे ठरले. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ३२८ किलोमीटर होते. म्हणजे मी काही प्रयोगशाळेतली गंमत सांगत नाही, सरकारने मान्य केलेली पद्धत सांगतो आहे.

बाटलीतले औषध

समितीकडे काही विक्रेते येऊन गेले आहेत. एक लिटर द्रव पाण्यात मिसळा, रस्त्यावर शिंपडा, दहा वर्षे बघायला नको, असे ते सांगतात. असे रासायनिक द्रव असतात हे खरे. काही विकरांचे, काही पॉलिमरचे. काही मातींवर ते काम करतात, काहींवर करत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१८ मध्ये अशा बाजारी पदार्थांसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली आहे. विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा. आमच्या खाचरातल्या मातीवर तपासणी केली का? चार दिवस भिजवल्यावरचा आकडा काय? ओले-कोरडे, ओले-कोरडे असे बारा फेरे दिल्यावर नमुना किती शिल्लक राहिला? छापील पत्रकातली दुसऱ्या राज्याची माती आपल्या उपयोगाची नाही.

एक परीक्षा आश्रमशाळेतली मुलेही करू शकतात. त्याच मातीचे दोन गोळे करा, एक साधा, एक औषध मिसळलेला. ओल्या गोणपाटाखाली दोन आठवडे ठेवा, मग दोन्ही बादलीत सोडा. साधा गोळा थोड्या वेळात विरघळून तळाला बसेल. दुसराही तसाच विरघळला तर विक्रेत्याला नमस्कार करून निरोप द्या. चुन्याचा गोळा करताना मात्र हात शिक्षकांनी लावावा, तेही रबरी मोजे घालून.

आणि कोणताही पदार्थ गटाराची जागा घेऊ शकत नाही. रस्ता मधे उंच हवा, दोन्ही कडांना चर हवा, चराला उतार हवा आणि उताराच्या शेवटी मोरी हवी. ज्या वाटेवर पाणी साचते तिथे चुना, धागा, डांबर, सगळे व्यर्थ आहे. एखाद्या कामाला पैसे कमी पडत असतील तर मी आधी चर खणीन.

आपल्यापुढचा निर्णय

आता मुद्द्याचे. हरसूलच्या बाजूच्या ज्या पाड्याबद्दल सकाळी अहवाल वाचला गेला, त्याच्या वाटेसाठी तुमच्या देणग्यांतून रक्कम जमली आहे. काहींचे म्हणणे आहे, सगळ्या वाटेवर पातळ डांबर घालू, म्हणजे देणगीदारांना काम दिसेल. मी नम्रपणे सांगतो, तसे करू नये. ते डांबर दिसेल, पण पहिल्या पावसापर्यंतच.

त्या वाटेत चिखलाच्या तीन जागा आहेत, मिळून साधारण तीनशे मीटर. हिशेब असा. तीन मीटर रुंदी आणि १५ सेंटीमीटर खोली धरली तर शंभर मीटरला ४५ घनमीटर माती होते, वजनाने सुमारे ७२ टन. चार टक्के चुना म्हणजे २,८८० किलो, पन्नास किलोच्या ५८ गोण्या. तीनशे मीटरला सुमारे साडेआठ टन चुना आणि अर्ध्या टक्क्याने सुमारे एक टन काथ्या. हीच जागा अर्धा मीटर खणून मुरूम भरायची तर ४५० घनमीटर, म्हणजे जवळजवळ १६० ब्रास मुरूम, दोन ब्रासच्या टिपरच्या ८० खेपा. सुधारलेल्या थरावरही मुरमाचा किंवा खडीचा थर लागेलच, तो वाचत नाही. पण खालचा ढीग वाचतो आणि डोंगरही वाचतो. नक्की चार टक्के की पाच, आणि चुना की मुरूम, हे तपासणी सांगेल.

तपासणी दूर कुठे नाही. नाशिकला दिंडोरी रोडवर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. तिला आपण सगळे 'मेरी' म्हणतो. धरणांच्या आणि रस्त्यांच्या मातीचे काम तिथे १९५९ पासून चालते. शासनमान्य खाजगी प्रयोगशाळाही आहेत. नमुना वरची फूटभर माती बाजूला करून खालून काढायचा, प्रत्येक जागेचा एक गोणीभर. चुना मिसळलेले नमुने २८ दिवस ठेवून मग भिजवायचे असतात. म्हणून जानेवारीअखेर नमुने गेले तर मार्चच्या सुरुवातीला आकडे हातात येतील आणि एप्रिलमध्ये काम होईल. फेब्रुवारी गमावला तर हा पावसाळा गेला.

दोन गोष्टी आणखी. पहिली, रस्ता आपला नाही. तो गावाचा आहे आणि करण्याची जबाबदारी शासनाची आहे. आपण केलेले काम त्या जबाबदारीला झाकण ठरू नये. ग्रामसभेचा ठराव आधी, जिल्हा परिषदेच्या अभियंत्याची मान्यता त्यानंतर, आपला पैसा शेवटी. वाट वनजमिनीतून जात असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली एक हेक्टरपेक्षा कमी जागेसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने मार्ग निघतो. ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. डोंगरी आणि आदिवासी भागात अडीचशे वस्तीच्या पाड्यालाही तिच्यात जागा आहे. कातकरी वस्ती असेल तर २०२३ च्या पीएम-जनमन योजनेत शंभर लोकवस्तीलाही रस्ता मिळू शकतो. या योजनांतला रस्ता झाला तर पाच वर्षे दुरुस्ती ठेकेदाराने करायची असते. तो फलक वाचायला आपल्या तरुणांना शिकवा. तीन जागांची डागडुजी आपण करू, पण पक्क्या रस्त्याचा अर्जही त्याच महिन्यात गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट, माणसांची. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. कळीचा चुना पाण्याशी भेटला की उकळतो, म्हणून आपण विरवलेलाच चुना आणू. कामावर येणारा कोणीही अनवाणी नसावा. चष्मा, रबरी मोजे, बूट यांचा खर्च चुन्याच्या खर्चातच धरा, तो नंतरसाठी ठेवू नका. वाऱ्याच्या दिवशी चुना उधळायचा नाही, विहिरीजवळ आणि ओहोळाजवळ गोण्या ठेवायच्या नाहीत, मुलांना कामाच्या जागी येऊ द्यायचे नाही. पाड्यावरचे लोक मजुरी करतील तर त्यांना पूर्ण मजुरी द्यायची. श्रमदान करायचे असेल तर ते आधी आपण शहरातून आलेल्यांनी करावे. त्यांचे श्रम त्या चिखलात बरीच वर्षे फुकट गेले आहेत.

काम झाल्यावर सात दिवस थर ओला ठेवायचा आणि गाडी जाऊ द्यायची नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी चर बघायला गेले पाहिजे, कारण एक फांदी अडकली तरी पाणी रस्त्यावर येते. ही नेमणूक आजच करा. ते काम पाड्यातल्याच दोघांना मानधनावर द्यावे, असे मला वाटते.

देणगीदार बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती. पुढच्या अंकात तुम्हाला फोटो येईल त्यात डांबर नसेल. एक चर असेल, करड्या रंगाची थोडी माती असेल आणि तिच्यातून वर आलेले काथ्याचे चार धागे दिसतील. ते बघून तुमचे पैसे कुठे गेले असे विचारू नका. ऑगस्टमध्ये दवाखान्याची गाडी कुठपर्यंत गेली ते विचारा.

येत्या शनिवारी सकाळी सात वाजता नमुने काढायला निघायचे आहे. कुदळ, फावडी आणि रिकाम्या गोण्या इथूनच नेऊ. ज्यांना यायचे आहे त्यांनी जेवणाआधी पाळकसाहेबांकडे नाव द्यावे, आणि येताना जाड तळाचे बूट घालून यावे.